आधी पाठ बघा, पाणी नंतर

तुमच्या लांबलचक प्रश्नाचा सारांश मला समजला तो असा. तुम्ही न्यू जर्सीत राहता. जवळच्या गावात कुणी आजी वारल्या, त्यांच्या घरातल्या सामानाचा एस्टेट सेल लागला, तिथून ८५ डॉलरला भरतकामाचा एक जुना तुकडा फ्रेमसकट घेतलात. मागे लाकडी फळी आहे. एबीसीडीच्या तीन ओळी, आकडे, विटांचं घर, दोन निळी झाडं, चारी बाजूंनी स्ट्रॉबेरीची वेल, चार ओळींची प्रार्थना, खाली मुलीचं नाव, वय दहा, आणि साल. सालातले १ आणि ८ दिसतात, पुढचे दोन आकडे गायब. कापड चहात बुडवल्यासारखं पिवळट, काही अक्षरं अर्धीमुर्धी. सासूबाई म्हणतात, रिठ्याच्या कोमट पाण्यात घाल, लख्ख निघेल. नवरा म्हणतो, नकली आहे, निळी झाडं कोण भरतं? आणि तुम्ही विचारताय: धुवू का, खरं आहे का, किंमत किती?

उत्तर देताना मी तुमच्या प्रश्नांचा क्रम उलटा करणार आहे, कारण धुणं ही शेवटची पायरी आहे आणि बहुतेक वेळा ती येतच नाही. गेली बावीस वर्षं मी वस्त्रसंवर्धनाचं काम करते, त्यातली बरीच न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या राज्यांत. या काळात सॅम्पलरचं (तुमच्यासारख्या भरतकामाच्या तुकड्याला सॅम्पलर म्हणतात) सगळ्यात जास्त नुकसान वाळवी-कसरीने केलेलं पाहिलं नाही. प्रेमाने स्वच्छ करणाऱ्यांनी केलेलं पाहिलं. तुमच्या हातात आहे ते कापड कमी आणि दस्तऐवज जास्त आहे. जुनं खरेदीखत मिळालं तर आपण आधी ते वाचतो, फोटो काढतो, मग त्यावरच्या धुळीचं काय करायचं ते ठरवतो. इथेही तसंच.

सॅम्पलर म्हणजे काय हे थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडे एके काळी घरोघरी मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने भरलेलं ‘सुस्वागतम्’ भिंतीवर असायचं, खाली कुणा मावशीचं नाव. दिसायला नातं जवळचं वाटतं, पण उगम वेगळा. सॅम्पलर हा मुळात नमुन्यांचा साठा. छापील नमुने दुर्मीळ आणि महाग होते तेव्हा बाई एखादी नक्षी पाहायची आणि विसरू नये म्हणून लांबट पट्टीवर भरून ठेवायची. ब्रिटनमधला साल भरलेला सर्वांत जुना ज्ञात सॅम्पलर जेन बोस्टॉकचा, १५९८ चा, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अमेरिकेत बनलेला सर्वांत जुना ज्ञात नमुना लोरा स्टँडिशचा. सुरुवातीच्या इंग्रज वसाहतकऱ्यांच्या मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या माइल्स स्टँडिशची ही मुलगी. सतराव्या शतकाच्या मध्यावरची तिची अरुंद, लांब पट्टी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथच्या पिलग्रिम हॉल संग्रहालयात आहे. त्या पट्ट्या गुंडाळून ठेवायच्या असत, टांगायच्या नव्हे. पुढे अठराव्या शतकात पट्टी रुंद झाली, चौकोनी झाली, तिला वेलीची चौकट आली, घर आलं, माणसं आली, आणि ती दिवाणखान्यात टांगली जाऊ लागली. तुमचा तुकडा या दुसऱ्या जातीचा.

अक्षरं आणि आकडे तिथे शोभेला नसतात. घरातली प्रत्येक चादर, उशीचा अभ्रा, सदरा यांच्यावर मालकाची आद्याक्षरं आणि क्रमांक भरत असत. बारा चादरींतली सातवी कोणती, ती धुवून परत आली का, फिरवून वापरायची पाळी कुणाची, हा हिशेब त्यावरून चालायचा. म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलीला अक्षरओळख आणि सुई एकदमच हातात मिळायची. जुन्या सॅम्पलरमध्ये बरेचदा जे आणि यू ही अक्षरं नसतात, कारण आय-जे आणि व्ही-यू तेव्हा एकाच घरातली मानली जात. तुमच्या तीन ओळींत ती आहेत का, ते बघा. नसतील तर चूक समजू नका. असतील तरी घाबरू नका, १८०० नंतर ती सर्रास येतात.

आता फ्रेम उघडण्याकडे. आधी आहे तशा अवस्थेत समोरून, मागून, चारी कोपऱ्यांचे फोटो काढा. मागच्या फळीवर कागद चिकटवलेला असेल, त्यावर पेन्सिलीने काही खरडलेलं असेल, तर तो कागद सोन्यासारखा जपा. ‘ही माझ्या आजीच्या आईची’ एवढी एक ओळ कधी कधी पुढचं सगळं संशोधन वाचवते. मग खिळे बघा. चौकोनी, कापीव खिळे असतील तर फ्रेम जुनी असण्याची शक्यता वाढते. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे सर्रास झाले, त्यामुळे ते असतील तर निदान मागची बाजू कुणीतरी नंतर उघडून बंद केलेली आहे. फळी निघत असेल तर हलक्या हाताने काढा. कापड फळीला डिंकाने चिकटलं असेल, काचेला चिकटलं असेल किंवा गंजलेल्या खिळ्यांनी ठोकलेलं असेल, तर तिथेच थांबा. ओढू नका. तो माझ्यासारखीचा उद्योग आहे, आणि त्यातही घाम फुटतो.

कापड मोकळं निघालं तर गुळगुळीत पांढऱ्या, आम्लमुक्त कागदावर उलटं ठेवा. तुमच्या नवऱ्याच्या शंकेचं उत्तर तिथे आहे. समोरून निळी दिसणारी झाडं पाठीमागून हिरवी निघाली, तर त्या मुलीने हिरवीच झाडं भरली होती. त्या काळी हिरवा रंग असा वेगळा नसायचा. नीळ आणि वनस्पतीचा पिवळा, एकावर एक चढवून हिरवा करत. पिवळा कच्चा, उजेडात उडून जातो; नीळ टिकाऊ, ती राहते. दोनशे वर्षं भिंतीवर राहिलेलं झाड निळं होतं. नकली करणारा माणूस निळी झाडं मुद्दाम भरेलही एखादवेळी, पण पाठीला हिरवा आणि पोटाला निळा असा धागा त्याला सहज जमत नाही. ही माझी पहिली कसोटी, आणि तिला खर्च शून्य.

दुसरी कसोटी धाग्याची. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या. जुनं रेशीम हलकं पीळ दिलेलं, तुकतुकीत असतं, टाक्यात थोडं पसरतं. आपण लडीतून सहा पदर सोडवून दोन-तीन पदरांनी भरतो तो सुती दोरा मंद दिसतो आणि पदर वेगळे ओळखू येतात. कापड अळशीच्या झाडाच्या तंतूंचं, म्हणजे लिनन, हातमागावरचं असेल तर ताणा-बाणा एकसारखा नसतो, मधूनच एखादा धागा जाड येतो. यंत्रावरचं कापड वहीच्या चौकटीसारखं काटेकोर. टाक्यांखाली निळ्या छापील रेघा दिसल्या तर तो बाजारातून आणलेला तयार संच. १८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभरी झाली, त्यानंतर जुन्या वसाहतकाळाची लाट आली आणि विसाव्या शतकात ‘आजीच्या काळातले’ सॅम्पलर भरण्याचे संच भरपूर विकले गेले. ते फसवण्यासाठी केलेले नव्हते. हौसेने केलेले होते. पण आता तेही जुने दिसतात, आणि तिथे लोक फसतात.

अतिनील किरणांचा छोटा टॉर्च मिळतो, तो अंधारात फिरवला की आधुनिक साबणातली आणि कापडातली उजळवणारी रसायनं निळसर-पांढरी चमकतात. ही रसायनं १९४० नंतरची. पण यात एक मेख आहे. कापड चमकलं तर ते नवीनच असं नाही; कुणा सूनबाईंनी १९७० साली ते डिटर्जंटमध्ये बुडवलेलं असू शकतं. न चमकणं आश्वासक, चमकणं अनिर्णित. कृत्रिम जांभळा रंग १८५६ नंतरचा, त्यामुळे तुमच्या वेलीत भडक जांभळा असेल तर अठराशे-काहीतरी सालाचा तो ‘काहीतरी’ उशिराचा तरी आहे, किंवा नंतर कुणी दुरुस्ती केली आहे. धागा जाळून बघू का, असं पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगते: नको.

आता गायब आकडे. तुम्हाला वाटतंय की धागा कुजला किंवा कुणी खोडसाळपणा केला. कुजलाही असेल, त्याबद्दल पुढे बोलते. पण सालाचे नेमके शेवटचे दोनच आकडे नाहीत आणि बाकी ओळ शाबूत, हे दिसलं की आम्ही लोक हसतो. भरलेलं सॅम्पलर आयुष्यभर दिवाणखान्यात टांगलेलं. दहाव्या वर्षी भरलेलं साल पन्नाशीत प्रत्येक पाहुण्याला तुमचं वय सांगत राहतं. अनेक बायकांनी कात्री घेऊन तेवढेच आकडे उसवले. माझ्या हाताखालून असे कितीतरी गेलेत. एकीने सालातला फक्त दशकाचा आकडा उसवून त्या जागी दुसरा भरला होता, वीस वर्षांनी तरुण झाली बिचारी!

चांगली गोष्ट ही की उसवलेला टाका पुसला जात नाही. सुईची भोकं राहतात. कापड खिडकीसमोर धरू नका. टेबलावर ठेवून टॉर्च अगदी आडवा, कापडाला समांतर धरा. तिरप्या उजेडात भोकांची रांग दिसते. टाक्याखालचं कापड उजेडापासून झाकलेलं होतं, त्यामुळे तिथे ते किंचित फिकट असतं, आणि पाठीमागे धाग्याचे तुटके शेपटे अडकलेले असतात. चौकटीच्या वहीत भोकं मांडा, शेजारच्या एक-आठशी जुळवा, आकड्यांच्या ओळीतले नमुने तिनेच दिलेत, त्यांच्याशी ताडून बघा. संध्याकाळचं काम आहे. कपडा धुतला, इस्त्री केली, ताणला, की हीच भोकं बुजतात. धुण्याआधी वाचा असं मी का म्हणते, त्याचं हे पहिलं कारण.

अर्धवट अक्षरांचं कारण वेगळं असावं. ती काळी किंवा गडद तपकिरी होती का? त्या काळी काळा रंग लोह आणि टॅनिन (झाडांच्या सालीतलं तुरट द्रव्य) यांच्यापासून करत. रंग सुंदर बसतो, पण लोह रेशमाला आतून खातं. लाल, निळं शाबूत आणि काळं तेवढं भुरभुरून गेलेलं, हे अस्सल जुन्या सॅम्पलरचं नेहमीचं चित्र. उरलेल्या काळ्या टाक्यांना बोट लावू नका, पावडर होऊन येतील.

खरं-खोटं निपटलं की पुढचा प्रश्न येतो, आणि किमतीच्या दृष्टीने तोच मोठा: अमेरिकन आहे का? अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सॅम्पलरपैकी बरेच इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेले असतात, काही कुटुंबाबरोबर, बरेचसे व्यापाऱ्यांच्या कंटेनरमधून. गावाचं नाव भरलेलं असेल तर काम सोपं, पण सावध राहा: अर्धं न्यू इंग्लंड जुन्या इंग्लंडच्या गावांची नावं लावून बसलंय. तुमच्या तुकड्यावर गाव नाही म्हणता. मग नक्षी बघायची. स्कॉटिश मुली कुटुंबातल्या सगळ्यांच्या आद्याक्षरांच्या रांगा भरतात, अक्षरांना वेलबुट्टी जास्त, पिसारा फुलवलेला मोर. इंग्लिश कामात बायबलमधल्या सॉलोमन राजाचं मंदिर येतं, मांडणी दोन्ही बाजूंना तोलून धरलेली. अमेरिकन काम त्या मानाने ऐसपैस, जरा बेशिस्त, मला तरी जास्त जिवंत वाटतं. तळाला हिरवी टेकडी, तिच्यावर मेंढ्या, घरापेक्षा मोठी फुलं. हिरवट लोकरमिश्र कापडावर, म्हणजे ताणा लिननचा आणि बाणा लोकरीचा, भरलेला सॅम्पलर दिसला तर पहिला अंदाज न्यू इंग्लंड, साधारण १८०० च्या आसपास. स्ट्रॉबेरीची वेल मात्र दोन्हीकडे आहे, तिच्यावरून काही ठरत नाही.

नक्षीवरून प्रांत कसा कळतो? कारण नक्षी मुलीची नसायची, बाईंची असायची. शिक्षिका कापडावर आकृती काढून द्यायची, तिच्या हाताखालच्या दहा वर्षांतल्या सगळ्या मुली तेच घर, तीच कमान, तीच माणसं थोड्याफार फरकाने भरत. म्हणून एका सॅम्पलरवर गाव असलं की त्याच्या गाव नसलेल्या बहिणी ओळखता येतात. ऱ्होड आयलंडमध्ये प्रॉव्हिडन्सला मेरी बाल्च यांच्या शाळेतल्या मुली गावातल्या सार्वजनिक इमारती भरायच्या, कॉलेजची इमारत, स्टेट हाउस. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये सारा स्टिव्हर्स यांच्या शाळेत रेशमाचे लांबच लांब तिरके टाके घालून गवत आणि आकाश भरत, ते एकदा पाहिलं की विसरत नाही. पेनसिल्व्हेनियात १७९९ साली सुरू झालेली वेस्टटाउन ही क्वेकर या साधेपणा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची शाळा. तिथलं काम साधं, भपका वर्ज्य, भौमितिक वर्तुळं आणि अर्धवर्तुळं, जी मुळात इंग्लंडमधल्या अ‍ॅकवर्थच्या क्वेकर शाळेतून आली. याच वेस्टटाउनच्या मुली रेशमी कापडाचे पृथ्वीगोल शिवून त्यांवर अक्षांश-रेखांश आणि देश भरायच्या. भूगोल आणि शिवण एका तासात! आणि हे फक्त गोऱ्या सुखवस्तू घरांपुरतं नव्हतं. बाल्टिमोरला १८२८ साली ओब्लेट सिस्टर्स या कॅथलिक जोगिणींनी कृष्णवर्णीय मुलींसाठी काढलेल्या शाळेतले सॅम्पलर टिकून आहेत. न्यूयॉर्कच्या आफ्रिकन फ्री स्कूलमधल्या रोझेना डिझेरी या मुलीने १८२० साली भरलेला तिथल्या ऐतिहासिक संस्थेत आहे.

इथे जरा आडवाटेला जाते, कारण आपल्या लोकांना हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. या सुई-अक्षरांच्या शाळांच्या काळातली न्यू हॅम्पशरची एक शिक्षिका, सिंथिया फरार, १८२७ साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत मुलींच्या शाळा चालवायला आली. पुढे ती अहमदनगरला गेली आणि १८६२ साली तिथेच वारली. जोतीराव फुले नगरला तिच्या शाळा बघून आले आणि मग पुण्यात १८४८ ची शाळा निघाली, ही गोष्ट तुम्ही वाचलेली असेल. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवणकाम असायचंच. न्यू इंग्लंडचा एखादा सॅम्पलर हातात असला की मला नगरच्या त्या शाळेतल्या सुया आठवतात. असो.

तुमच्या राज्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. न्यू जर्सीतला बर्लिंग्टन काउंटी हा भाग सॅम्पलरच्या जगात फार मोलाचा. तिथली मेरी अँट्रिम, तिचं १८०७ चं काम २०१२ साली न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेलं. बेटी रिंग या संशोधक-संग्राहक बाईंच्या संग्रहातलं होतं ते. कोणती नक्षी कुठल्या शाळेची, हे शोधण्यात त्यांनी आयुष्य घातलं. ही बातमी वाचून आपल्या पोटमाळ्यावरही दहा लाख आहेत असं अनेकांना वाटलं, आणि मला पुढचं वर्षभर फोन येत राहिले. वस्तुस्थिती अशी: गाव नाही, शाळा नाही, नुसती अक्षरं आणि आकडे असले तर काही शे डॉलर. घर, माणसं, चांगली वेल, उत्तम रंग असतील तर हजारांत. शाळा सिद्ध झाली, मुलगी सापडली, तर त्याच्या पुढे. तुमचा नेमका कुठे बसेल ते मी फोटोवरून सांगणार नाही, आणि सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एवढं सांगते की ८५ डॉलरमध्ये तुमचं नुकसान झालेलं नाही.

म्हणजे किंमत वाढवायची तर साबणाच्या वाटेने जाऊ नका, मुलीला शोधा. साल सापडलं की त्यातून दहा वजा करा, एखादं वर्ष इकडे-तिकडे धरा, जन्मसाल मिळालं. पण लगेच जनगणनेत शोधायला जाल तर हात हलवत याल. १७९० पासून १८४० पर्यंतच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, बाकीचे सगळे वयोगटाच्या रकान्यातल्या रेघा. मुलींची नावं १८५० पासून, तीही स्वतंत्र नागरिकांचीच, आणि तोवर तुमची मुलगी लग्न होऊन आडनाव बदलून बसलेली. त्यामुळे आधी चर्चचे बाप्तिस्म्याचे दाखले, क्वेकर असतील तर त्यांच्या सभांच्या जन्मनोंदी (या फार नेटक्या असतात), मृत्युपत्रं, आणि न्यू इंग्लंडची निघाली तर गावोगावच्या १८५० पर्यंतच्या छापील जन्म-लग्न-मृत्यू याद्या. मग सॅम्पलर आर्काइव्ह नावाच्या ऑनलाइन संग्रहात तिच्या आडनावाच्या आणि नक्षीच्या बहिणी शोधा. घर ज्यांचं होतं त्या आजींचं माहेर कुठलं, हेही विचारून ठेवा, एस्टेट सेल चालवणाऱ्याला आत्ता आठवेल, सहा महिन्यांनी नाही. एकाच नावाच्या तीन मुली सापडतील. तिथे घाई करू नका. गाव, वय आणि धर्म तिन्ही जुळेपर्यंत ‘हीच ती’ म्हणायचं नाही.

आणि आता रिठा. सासूबाईंचं चुकत नाही, त्यांच्या अनुभवात ते बरोबरच आहे. रिठ्यातलं सॅपोनिन, म्हणजे फेस करणारं द्रव्य, सौम्य असतं, रेशमी साडी त्याने धुतात, एके काळी आमच्या क्षेत्रातही सॅपोनिन वापरलं जायचं. पण साडीचे रंग तुम्हाला माहीत आहेत, ती मजबूत आहे, आणि बिघडली तर दुसरी मिळते. इथे पाच-सहा रंगांचं रेशीम, प्रत्येकाचा रंगारी वेगळा, काही पक्के, काही कच्चे. शिवाय आकृती शाईने काढलेली असते, कधी आकाश रंगवलेलं असतं, ते पाण्यात उतरतं. रिठ्याचं पाणी स्वतःच तपकिरी असतं, पूर्ण निघत नाही, आणि उरलेला अंश कसरीला आमंत्रण. लोकरमिश्र कापड असेल तर आणखी वाईट: लोकर आक्रसते, लिनन आक्रसत नाही, आणि सगळं पापडासारखं वर येतं.

कपडा पाण्यात घातल्याने फायदा होतच नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. लिननचा पिवळेपणा बराचसा त्याच्या स्वतःच्या जीर्ण होण्यातून येतो, त्यातली काही आम्लं पाण्यात विरघळतात, कापड मऊ होतं, आयुष्य वाढतं. आम्ही धुतो. पण त्याआधी प्रत्येक रंगाच्या प्रत्येक धाग्यावर शुद्ध केलेल्या पाण्याचा थेंब, वर टीपकागद, मग साबणाचा थेंब, पुन्हा टीपकागद, पुढून आणि मागून. हे करूनही मी एकदा आपटी खाल्ली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका खासगी ग्राहकाचा सॅम्पलर होता. वेलीतला तपकिरी धागा मी एका कोपऱ्यात तपासला, पक्का निघाला. पाण्यात घातल्यावर दुसऱ्या कोपऱ्यातल्या तपकिरीने गुलाबी रंग सोडला. मुलीची एक लड संपली होती आणि तिने दिसायला तशीच दुसरी आणली होती. दोनशे वर्षांपूर्वी कुण्या दुकानात घडलेली ती गोष्ट माझ्या तबकात त्या दिवशी उमटली. डाग बराच काढला, सगळा नाही. ग्राहक बाई समजूतदार होत्या. मी मात्र तेव्हापासून ‘एकसारखा रंग’ हा शब्द वापरत नाही.

म्हणून माझा सल्ला: तुमचा धुऊ नका. पिवळा आहे तर पिवळा राहू दे. कोरडी धूळ काढता येईल. कापडावर नायलॉनची बारीक जाळी ठेवायची, व्हॅक्यूम अगदी कमी ताकदीवर, नळी जाळीपासून थोडी वर, आणि काळ्या टाक्यांच्या वाटेला जायचं नाही. इस्त्री नाही, वाफ नाही, ड्रायक्लीनिंग तर नाहीच. फळीचे तपकिरी पट्टे कापडावर उमटले असतील, पाइनच्या गाठीचा आकारसुद्धा कधी कधी जसाच्या तसा दिसतो. तो लाकडातल्या आम्लाचा डाग. तो काढणं कठीण, पण तो वाढू नये म्हणून ती फळी मात्र आजच बाजूला करा. फेकू नका, वेगळी ठेवा, तीही पुराव्याचा भाग आहे.

पुन्हा फ्रेम करताना फ्रेमवाल्याला काय सांगायचं ते नीट सांगा, कारण ‘म्युझियम क्वालिटी’ हे शब्द तो कशालाही लावतो. चिकटपट्टी नको, डिंक नको, स्टेपल नको, ताणून बसवणं नको. सुती चिंध्यांपासून केलेल्या आम्लमुक्त पुठ्ठ्यावर धुतलेलं सुती कापड चढवायचं, त्यावर सॅम्पलर कडेच्या दुमडीतून बारीक दोऱ्याने, धाग्यांच्या मधल्या जागेतून सुई घालून टाचायचा. काच आणि कापड यांच्यात पट्टी घालून अंतर ठेवायचं, म्हणजे दव धरलं तरी टाक्यांना लागणार नाही. काच अतिनील किरण अडवणारी घ्या, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, साध्या उजेडानेही रंग उडतोच. संग्रहालयात आम्ही ५० लक्सच्या आसपास राहतो, म्हणजे दिवेलागणीच्या खोलीइतका उजेड. घरी ते काटेकोर जमणार नाही. खिडकीसमोरची, शेकोटीवरची, बाथरूमला लागून असलेली आणि बाहेरची थंड भिंत टाळा. वर्षातले काही महिने उतरवून कपाटात ठेवलात तर उत्तम, पण कपाटात डांबरगोळ्या नकोत.

पुण्याला परतताना सोबत न्यायचा विचार आहे म्हणता. वस्तू तुमची आहे, न्या. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, बुरशी धरेल. आणि जाण्याआधी फोटो, साल, मुलीबद्दल जे सापडलं ते, एवढं तिच्या काउंटीच्या ऐतिहासिक संस्थेत देऊन जा. तिच्या खापरपणतीची पणती कदाचित तिला तिथेच शोधत येईल.

हाताने करायचं असं तुमच्याकडे एवढंच: फोटो, फळी बाजूला, पाठ, भोकं. काळे टाके फार सुटत असतील किंवा कापड फळीला चिकटलेलं निघालं, तर अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कॉन्झर्वेशनच्या संकेतस्थळावर तुमच्या भागातले वस्त्रसंवर्धक सापडतील. फी विचारल्यावर दचकाल, ती ८५ डॉलरपेक्षा बरीच जास्त असते. पहिली पाहणी करून ‘काही करू नका’ असं सांगणारा भेटला तर तो चांगला समजा.

पाठीचे फोटो पाठवाल तेव्हा शेजारी मोजपट्टी ठेवा, फ्लॅश बंद ठेवा, आणि सालाच्या जागेचा एक फोटो डावीकडून तिरपा उजेड टाकून, एक उजवीकडून. दुसरा आकडा आठ आणि तिसऱ्या जागी भोकांची उभी एकच रांग, म्हणजे एक, दिसली, तर मी तुमच्या आधी बर्लिंग्टन काउंटीच्या याद्या उघडून बसलेली असेन.